पाणीगळतीचं स्मार्ट यंत्र आणि घराच्या विम्यातली सवलत: हिशोब नेमका कुठे बसतो?

(ऑडिओ भागाचं हे लेखी रूप. ज्यांना ऐकायला वेळ नाही किंवा आकडे पुन्हा बघायचे आहेत, त्यांच्यासाठी.)

आजचा भाग एका ई-मेलमुळे करतोय. शिकागोजवळ राहणारं एक कुटुंब डिसेंबरात पाच आठवडे नाशिकला जाणार आहे. त्यांनी लिहिलंय, "दादा, विमा कंपनीचं पत्र आलंय. पाणीगळती ओळखणारं स्मार्ट यंत्र बसवलंत तर होमओनर्स पॉलिसीवर सवलत मिळेल म्हणतात. प्लंबरसकट साडेआठशे डॉलर खर्च येतोय. सवलत बघता हे परवडतं का?"

सरळ उत्तर देतो. नुसत्या सवलतीसाठी बसवणार असाल तर बहुतेक वेळा परवडत नाही. तरी बसवायचं का? माझ्या मते बऱ्याच घरांत हो, पण कारण वेगळं आहे. आणि ते कारण कंपनीच्या पत्रात नसतं, पॉलिसीच्या बारीक अक्षरांत असतं.

आधी पॉलिसी पाण्याकडे कशी बघते ते समजून घेऊ. अमेरिकेत स्वतःच्या स्वतंत्र घरासाठी सर्वात जास्त चालणारी पॉलिसी म्हणजे एचओ-३. तिच्यात पाण्याचं नुकसान भरून मिळतं, पण ते "अचानक आणि अपघाताने" झालेलं असावं लागतं. वॉशिंग मशिनचा होज फुटला, वॉटर हीटरची टाकी फाटली, सिंकखालचा पाइप निसटला, ही सगळी अचानकची उदाहरणं. मात्र आठवडे-महिने भिंतीच्या आत ठिबकत राहिलेलं पाणी बऱ्याच पॉलिसींत वगळलेलं असतं. काही पॉलिसींत तर १४ दिवस अशी मुदतच लिहिलेली असते: चौदा किंवा जास्त दिवस पाझर चालू होता असं दिसलं, की ते नुकसान तुमचं.

आता विचार करा. अॅडजस्टर येतो, ड्रायवॉल कापतो, आत काळी बुरशी आणि कुजलेलं लाकूड दिसतं. एका रात्रीत लाकूड कुजत नाही. म्हणजे गळती जितकी छोटी आणि लपलेली, तितकी पॉलिसी तुमच्या कामाची नाही. लोकांना नेमकं उलट वाटतं. छोटी गळती, छोटा त्रास! प्रत्यक्षात मोठा फवारा उडाला तर क्लेम मिळण्याची शक्यता जास्त, आणि थेंबथेंब पडलं तर कमी.

बाकीच्या वगळलेल्या गोष्टी पटकन सांगतो. बाहेरून घरात शिरलेलं पुराचं पाणी यात येत नाही, त्यासाठी १९६८ पासून केंद्र सरकारची वेगळी पूरविमा योजना आहे. ड्रेनेज तुंबून उलटं आलेलं पाणी बहुतेक वेळा वेगळं पुरवणी कलम घेतल्याशिवाय मिळत नाही. आणि जे उपकरण फुटलं, ते बदलायचा खर्च तुमचाच. पाण्याने फ्लोअर खराब झाला तो मिळेल, नवा वॉटर हीटर नाही.

कंपन्यांना या विषयात एवढा रस का? कारण हे क्लेम सतत येतात. इन्शुरन्स इन्फर्मेशन इन्स्टिट्यूटच्या आकडेवारीनुसार विमा असलेल्या साधारण दर ६० घरांमागे एका घराचा दर वर्षी पाण्याचा किंवा पाइप गोठण्याचा क्लेम येतो, आणि सरासरी रक्कम १४ हजार डॉलरच्या आसपास असते. आगीचा क्लेम रकमेने फार मोठा, पण क्वचित. पाण्याचा मध्यम, पण रोजचा.

आता यंत्रं. दुकानात सगळ्यांवर "स्मार्ट लीक डिटेक्टर" असंच लिहिलेलं असतं, पण विमा कंपनीच्या दृष्टीने यात तीन वेगळ्या जाती आहेत.

पहिली, जमिनीवर ठेवायची चकती. वॉटर हीटरखाली, सिंकखाली, वॉशिंग मशिनमागे ठेवा. पाणी तिला लागलं की फोन वाजतो. एक चकती पंधरा ते पन्नास डॉलरला मिळते. बिचारी फक्त ओरडते, पाणी बंद करत नाही. तुम्ही नाशिकला असाल तर रात्री अडीचला फोनवर बातमी कळेल, एवढंच.

दुसरी, पाण्याच्या मीटरवर पट्ट्याने बांधायचं यंत्र. फ्ल्यूम हे यातलं माहितीतलं नाव. पाइप कापावा लागत नाही, प्लंबर लागत नाही. घरात किती पाणी कधी गेलं ते मिनिटामिनिटाला दिसतं. हेही पाणी बंद करत नाही.

तिसरी जात खरी महागडी. मेन कॉकच्या पुढे पाइप कापून बसवायचं यंत्र, आत मोटरवर चालणारा व्हॉल्व्ह. मोएनचं फ्लो, फिन प्लस ही यातली नावं. हे पाण्याचा प्रवाह, दाब आणि तापमान बघतं. फिनवाले सेकंदाला २४० वेळा दाब मोजतात, कारण प्रत्येक नळ उघडताना पाइपमधल्या दाबात वेगळी लाट उठते आणि त्यावरून फ्लश कुठला आणि शॉवर कुठला हे यंत्र हळूहळू शिकतं. फ्लोची पद्धत समजायला आणखी सोपी आहे. रात्री कोणी पाणी वापरत नसताना ते व्हॉल्व्ह काही मिनिटं बंद करतं आणि पाइपमधला दाब बघत बसतं. दाब टिकला तर पाइप घट्ट. दाब उतरत गेला तर कुठूनतरी पाणी जातंय. मिनिटाला एक थेंब एवढी बारीक गळतीही यातून सापडते असं कंपनी सांगते.

ही रात्रीची तपासणी मला या सगळ्या प्रकारातली सर्वात मोलाची गोष्ट वाटते. पॉलिसी जिथे हात वर करते, म्हणजे मंद आणि लपलेली गळती, नेमकी तीच जागा ही तपासणी पकडते. मोठ्या फवाऱ्यासाठी तुमच्याकडे विमा आहेच.

आमच्या घरी काय सापडलं सांगू? फ्लशच्या टाकीतलं रबर. झिजलेलं होतं, आवाज न करता पाणी कमोडमध्ये उतरत होतं. आठ डॉलरचा भाग. यात घर बुडत नाही हे खरं, पण अमेरिकी पर्यावरण खात्याच्या वॉटरसेन्स कार्यक्रमाचा अंदाज असा की सरासरी घरात असल्या बारीकसारीक गळत्यांतून वर्षाला जवळजवळ १० हजार गॅलन, म्हणजे सुमारे ३८ हजार लिटर पाणी वाया जाऊ शकतं. पाण्याच्या बिलात फरक पडतोच.

आणि दुसरी बाजूही सांगतो. पहिल्या वर्षी गणपतीत घरी अकरा पाहुणे होते. सकाळी आरतीच्या आधी एकामागून एक आंघोळी सुरू. यंत्राला वाटलं पाइप फुटला, त्याने घराचं पाणी तोडलं. वरच्या बाथरूममध्ये आमचे एक काका डोळ्यांत साबण घेऊन उभे! अॅपमधून व्हॉल्व्ह उघडेपर्यंत त्यांनी जे काही म्हटलं ते इथे लिहीत नाही. पाहुणे येणार असतील तर मर्यादा आधी वाढवून ठेवायची असते, हे यंत्राच्या पुस्तिकेत लिहिलेलं असतं आणि कोणी वाचत नाही.

या तिसऱ्या जातीला एक मोठी आंधळी बाजू आहे. ती फक्त घरात येणाऱ्या, दाबाखालच्या पाण्यावर नजर ठेवते. सांडपाण्याचा पाइप गळत असेल, शॉवरच्या तळातून पाणी झिरपत असेल, छत गळत असेल, बेसमेंटमधला सम्प पंप बंद पडला असेल, तर तिला पत्ताही लागत नाही. तिथे ती पंधरा डॉलरची चकतीच हवी. म्हणून निवड "हे की ते" अशी नाही. मेन पाइपवर एक आणि धोक्याच्या जागी चार-पाच चकत्या, अशी जोडी शहाणपणाची.

आता सवलतीकडे वळू. अमेरिकेत विम्याचं नियमन राज्यं करतात, १९४५ च्या मॅकारन-फर्ग्युसन कायद्यापासून ते पक्कं आहे. कंपनीला आपले दर आणि सवलती प्रत्येक राज्याच्या विमा खात्याकडे दाखल कराव्या लागतात. त्यामुळे तुमच्या टेक्सासमधल्या मावसभावाला मिळालेली सवलत तुम्हाला इलिनॉयमध्ये त्याच कंपनीकडून मिळेलच असं नाही. एजंट लबाडी करतोय असं नसतं, त्या राज्यात ती सवलत दाखलच झालेली नसते.

पूर्वी आणखी एक अडचण होती. गिऱ्हाईक ओढण्यासाठी एजंटांनी भेटवस्तू किंवा रोख परतावा देऊ नये म्हणून राज्यांनी जुने कायदे केलेले आहेत. त्यांच्या कचाट्यात फुकट सेन्सरसुद्धा सापडायचा, कारण तीही भेटच! २०२० च्या शेवटी राज्यांच्या विमा आयुक्तांच्या राष्ट्रीय संघटनेने आपल्या नमुना कायद्यात बदल केला आणि नुकसान टाळणारी उपकरणं देण्याला वाट करून दिली. म्हणून अलीकडे काही कंपन्या प्रीमियम कमी करण्याऐवजी यंत्रच फुकट किंवा स्वस्तात देऊ करतात. माझं मत विचाराल तर असा पर्याय समोर आला तर तोच घ्यावा. हातात यंत्र येतं, आणि टक्क्यांचा घोळ नाही.

टक्क्यांचा घोळ म्हणजे काय, ते काल्पनिक आकड्यांनी बघू. समजा वर्षाचा प्रीमियम २,४०० डॉलर आहे आणि पत्रात "५ टक्के सवलत" लिहिलंय. पूर्ण प्रीमियमवर असेल तर १२० डॉलर वाचतात. साडेआठशेचा खर्च निघायला सात वर्षं. पण काही ठिकाणी सवलत फक्त प्रीमियमच्या पाण्याशी संबंधित भागावर असते. तो भाग ६०० डॉलर धरला तर ५ टक्के म्हणजे ३० डॉलर. मग खर्च निघायला अठ्ठावीस वर्षं. तोवर यंत्र सोडा, ते विकणारी कंपनी तरी असेल का? तेव्हा एजंटला "किती टक्के" असं विचारू नका. "माझ्या पॉलिसीत वर्षाला किती डॉलर कमी होतील" असं विचारा आणि उत्तर ई-मेलने मागा.

कुठलं यंत्र चालेल हेही तेव्हाच विचारा. चकत्यांना बहुतेक कंपन्या फार किंमत देत नाहीत. पाणी आपोआप तोडणारा व्हॉल्व्ह असेल तर मान जास्त. काहींची मान्य यंत्रांची यादी असते, काहींना परवानाधारक प्लंबरची पावती लागते. आमच्या वेळी फोनवरच्या व्यक्तीने "अशी काही सवलत नाही" म्हणून सांगितलं होतं. मग मी "प्रोटेक्टिव्ह डिव्हाइस क्रेडिट" हा शब्द वापरला, कारण चोराच्या अलार्मची सवलत याच नावाखाली येते, आणि त्यांना ती लगेच सापडली. योग्य शब्द माहीत असण्याची किंमत वर्षाला एक्क्याऐंशी डॉलर, आमच्या बाबतीत.

सवलत घेतली की एक जबाबदारीही येते, ती मात्र कोणी मोठ्याने सांगत नाही. अलार्मच्या सवलतीसाठीचं जे जुनं पुरवणी कलम आहे त्यात स्पष्ट लिहिलेलं असतं की यंत्रणा चालू स्थितीत ठेवायची आणि ती काढली किंवा बदलली तर कंपनीला लगेच कळवायचं. तुमच्या कागदात पाण्याच्या यंत्रासाठी तशीच अट आहे का ते वाचा. वायफायचा राउटर बदलला, यंत्र पुन्हा जोडायचं राहून गेलं आणि सहा महिने ते ऑफलाइन पडलं, ही गोष्ट कुणाच्याही घरी घडू शकते. शिवाय यंत्र नोंदी ठेवतं. गळतीचा इशारा ३ तारखेला आला आणि तुम्ही २५ तारखेला प्लंबर बोलावला, हे त्या नोंदीत दिसतं. ही माहिती कंपनीला जाते का, हा प्रश्न सही करण्याआधीचा आहे.

बरं, ही यंत्रं खरोखर काम करतात का? एक अभ्यास नेहमी दाखवला जातो. लेक्सिसनेक्सिस रिस्क सोल्युशन्सने २०२० मध्ये फ्लो बसवलेल्या २,३०६ घरांचे क्लेम तपासले. यंत्र बसवल्यानंतरच्या वर्षात पाणीगळतीचे भरपाई दिलेले क्लेम ९६ टक्क्यांनी घटले असं त्यात आलं. आकडा भारी आहे, पण मी तो थोडा मीठ-मिरची काढून वाचतो. घरात पाणी झाल्यावरच बरेच लोक हे यंत्र विकत घेतात. ज्या वर्षी पाइप फुटला, त्याच्या पुढच्या वर्षी यंत्र असो वा नसो, पुन्हा फुटण्याची शक्यता कमीच असते, कारण प्लंबरने तो दुरुस्त केलेला असतो. उपयोग नक्की आहे. ९६ मात्र मी माझ्या घरासाठी धरणार नाही.

मग साडेआठशे डॉलर कशासाठी? त्या कुटुंबाला मी हे लिहिलं.

एक तर वर सांगितलेली, पॉलिसीत न बसणारी मंद गळती. दुसरं, डिडक्टिबल. तुमचं १,००० किंवा २,५०० असेल, तर क्लेम मंजूर झाला तरी तेवढे तुमच्या खिशातून जाणार. तिसरं, आणि याकडे आपली मंडळी सर्वात कमी लक्ष देतात, क्लू अहवाल. लेक्सिसनेक्सिस ही नोंदवही चालवते आणि तिच्यात तुमचे आणि तुमच्या घराचे सात वर्षांपर्यंतचे क्लेम असतात. नवी कंपनी दर सांगण्याआधी तो बघते. घर विकायला काढलं तर खरेदीदाराची कंपनीही बघते. थोड्या काळात पाण्याचे दोन क्लेम झाले की काही कंपन्या नूतनीकरण नाकारतात, आणि मग दुसरीकडे जे प्रीमियम सांगतात त्यापुढे पाच टक्के सवलत म्हणजे चिल्लर. हा अहवाल तुम्हाला कायद्याने दर बारा महिन्यांत एकदा फुकट मिळतो. घर घेताय? विकणाऱ्याला त्याच्या अहवालाची प्रत मागा. भिंतीला लावलेल्या ताज्या रंगापेक्षा तो जास्त बोलतो.

आता डिसेंबर. पाच आठवडे रिकामं घर, बाहेर उणे पंधरा. इथे पॉलिसीची अट अशी असते की पाइप गोठून फुटले तर भरपाई मिळेल, पण तुम्ही घरात उष्णता राखायची योग्य काळजी घेतलेली असावी, नाहीतर पाणी बंद करून पाइप रिकामे केलेले असावेत. बिल वाचवायला हीटिंग बंद करून नाशिकला गेलात तर क्लेम अडचणीत येतो. थर्मोस्टॅट निदान ५५ फॅरनहाइटवर, म्हणजे साधारण १३ सेल्सिअसवर ठेवायचा सल्ला सर्रास दिला जातो.

यंत्रावर पूर्ण भिस्त ठेवू नका असं इथे मी आग्रहाने म्हणेन. फेब्रुवारी २०२१ मध्ये टेक्सासमध्ये थंडीचं वादळ आलं, लाखो घरांची वीज गेली आणि घराघरांत पाइप फुटले. वीज नाही तर वायफाय नाही, व्हॉल्व्हची मोटरही नाही. तो बहुतेक वेळा जिथे असेल तिथेच राहतो, म्हणजे उघडाच. ज्या रात्री यंत्राची सर्वात जास्त गरज, त्याच रात्री ते झोपलेलं. राउटर आणि व्हॉल्व्ह यांना छोटा बॅटरी बॅकअप लावला तर काही तास निघतात, दिवस नाही. त्यामुळे लांब जाताना सर्वात भक्कम उपाय जुनाच आहे: हाताने मेन कॉक बंद करा, सगळ्यात खालचा नळ उघडून पाइपमधलं पाणी उतरू द्या. फुकट आहे आणि वीज लागत नाही.

फक्त दोन गोष्टी आधी बघा. घरात आगीचे स्प्रिंकलर असतील तर त्यांचं पाणी कधीच बंद व्हायला नको. मेन कॉक असो की नवं यंत्र, स्प्रिंकलरची शाखा त्याच्या आधी फुटलेली आहे ना, हे प्लंबरकडून पक्कं करून घ्या. आणि हीटिंग गरम पाण्याच्या बॉयलरवर चालत असेल तर पाणी बंद करण्यापूर्वी बॉयलरवाल्याला विचारा.

काँडो किंवा टाउनहाऊसमध्ये राहणाऱ्यांचा हिशोब थोडा वेगळा. तिथे तुमच्या किचनचं पाणी खालच्या घराच्या छतातून उतरतं आणि प्रश्न शेजाऱ्याचा होतो. इमारतीची एक पॉलिसी, तुमची एचओ-६, शेजाऱ्याची त्याची, अशा तीन कंपन्या एकमेकींकडे बोट दाखवतात. असोसिएशनच्या नियमांत वॉटर हीटर किती वर्षांनी बदलायचा हे लिहिलेलं असू शकतं. ते आधी वाचा. मेन व्हॉल्व्ह सामायिक असेल तर मोठं यंत्र बसवताच येणार नाही, मग चकत्या.

भारतातले श्रोते दर वेळी विचारतात, "आमच्याकडे काय?" तिथे १ एप्रिल २०२१ पासून 'भारत गृह रक्षा' ही सगळ्या कंपन्यांसाठी एकसारखी पॉलिसी आहे आणि पाण्याच्या टाक्या, पाइप फुटणं किंवा ओसंडून वाहणं यात धरलेलं आहे. वरच्या मजल्याच्या बाथरूममधून वर्षानुवर्षं येणारी ओल हा मात्र तिथेही अचानकचा अपघात ठरणं कठीण. ते भांडण सोसायटीच्या सभेतच होणार. बिल्डिंगच्या टाकीवरून एका फ्लॅटला दोन-तीन वेगवेगळ्या लाइन येतात, त्यामुळे एकच व्हॉल्व्ह लावून घराचं पाणी तोडणं जमेलच असं नाही. चकती सिंकखाली ठेवायला काहीच हरकत नाही.

शिकागोच्या कुटुंबाने काय ठरवलं? वॉटर हीटर अकरा वर्षांचा निघाला, तो आधी बदलताहेत. वॉशिंग मशिनचे रबरी होज काढून स्टीलच्या जाळीचे लावले. पाच चकत्या घेतल्या. जाताना मेन कॉक बंद, थर्मोस्टॅट ५५ वर, चावी शेजाऱ्यांकडे. मोठ्या यंत्रासाठी ते कंपनीच्या लेखी उत्तराची वाट बघताहेत, कारण यंत्र निम्म्या किमतीत देण्याची योजना त्यांच्या राज्यात आहे की नाही हे एजंट अजून शोधतोय.

पुढच्या भागात सम्प पंप आणि ड्रेनेज उलटं येण्याचं पुरवणी कलम घेऊ. बेसमेंट असलेल्यांनी तोवर आपल्या पॉलिसीचं पहिलं पान काढून ठेवा, त्यातला एक आकडा लागणार आहे.